बाळंतपणापुरतं जामनेर

मु. पो. पिंपरझडे, ता. शिंदखेडा, जि. धुळे
रविवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

आमच्या घरात लेक देऊन आम्हाला कायमचं उपकाराखाली ठेवणारे व्याहीबुवा श्री. प्रेमराजनाना यांना पिंपरझड्याहून पंडितचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडायला पेन खाली ठेवला, तो गडगडत कॉटखाली गेला. म्हणून यापुढची शाई वेगळी दिसेल.) रत्नाअक्कांना आमचा दोघांचा नमस्कार सांगावा. त्यांचं ब्लडप्रेशर काय म्हणतं? तुमचा डावा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला त्याच्यासाठीचा पाल्याचा लेप तुम्ही चुकून उजव्या गुडघ्यावर लावत होतात, असं आमचा ललित सांगत होता. तरी डाव्याला आराम पडला असेल तर तसाच चालू ठेवावा. आपल्या वयात कोणता गुडघा कोणाचं ऐकेल सांगता येत नाही. केळीचा बाग कसा आहे? म्हैस व्याली का? (हा प्रश्न फक्त म्हशीबद्दल आहे. पुढच्या मजकुराशी त्याचा संबंध जोडू नये.)

आणि आमची सून, म्हणजे तुमची लेक, सौ. पुनम कशी आहे? डोहाळजेवण झाल्यावर तुम्ही रीतीप्रमाणे तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी जामनेरला घेऊन गेलात, तेव्हापासून आमचं घर अगदी रिकामं झालं आहे. ललित तर जेवताना दोनदा मीठ मागतो आणि दोन्ही वेळा ते त्याच्या समोरच असतं. तुम्ही गुरुजींकडून चांगला मुहूर्त काढून घेतलात, त्या मुहूर्तावर ऑपरेशन करून नातवंडाला जगात आणायचं ठरवलंत, जळगावच्या दवाखान्यात एसी खोलीही सांगून ठेवलीत, हे सगळं फोनवर ऐकलं आणि मला गहिवरून आलं. पूर्वी मूल जन्मलं की मग आपण ग्रह बघायचो, आता ग्रह बघून मुलाला बोलावतात. तुमची हौस मोठी आहे हे मी चारचौघांत नेहमी सांगतो.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. मी नुसतं हॅलो म्हटलं तरी पलीकडून तुम्ही, रत्नाअक्का आणि टीव्हीवरचा बातम्या सांगणारा असे तिघे उत्तर देतात, आणि मला काय बोलायचं होतं ते राहूनच जातं. शिवाय माझी सगळी नोकरी गावच्या विविध कार्यकारी सोसायटीत सचिव म्हणून गेली. जे कागदावर आलं नाही, ज्याला सूचक आणि अनुमोदक नाही, ते घडलं असं मला मनापासून वाटतच नाही. बाकी पत्राला विशेष कारण काही नाही. सहज लिहायला बसलो आहे.

इकडची हालहवाल म्हणाल तर आमच्या गावात सध्या आंदोलन चालू आहे आणि मी त्याचा अध्यक्ष आहे. (अभिनंदनाची गरज नाही, ते फार झालं. ते का झालं हे पुढे येईलच.) आमच्या ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणाचा एक कक्ष आहे. लग्नाच्या वेळी तुम्ही तो बघितला असेल. तुमच्या वऱ्हाडातल्या बऱ्याच मंडळींनी त्याच्या दारात चपला काढून हात जोडले होते, त्यांना ते देऊळ वाटलं. वाटलं तर वाटू द्या, आसपासच्या गावांतली निम्मी पोरं त्याच खोलीत ज्योती सिस्टरच्या हातावर जन्माला आली आहेत. पोर रडली नाही तर ज्योती सिस्टर तिला असा दम भरते, की बाहेर बसलेले आजोबाही रडायला लागतात. तर वरून हुकूम आला की मागणीअभावी हा कक्ष बंद करण्यात येत आहे, यापुढे सगळ्या बाळंतपणांसाठी धुळ्याला जावं, आणि रिकाम्या होणाऱ्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवण्यात याव्यात. म्हणजे आमच्याकडे बायकांची मागणी नाही, पण मोडक्या खुर्च्यांची आहे.

आता आमच्याकडून धुळ्याला जायचं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. सोनगीरच्या फाट्याला हायवे लागतो तोवरचा रस्ता असा आहे, की अंडीवाला त्या रस्त्याने येत नाही, लांबचा वळसा घेतो. अंड्यांची जी काळजी घेतली जाते ती कळा लागलेल्या बाईची घ्यायला नको असा हा हुकूम. मागच्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला होता तेव्हा आमच्या गफूरभाईंची सून नाजमीन हिला अचानक कळा सुरू झाल्या. (गफूरभाई म्हणजे आमचे गादीवाले. ललितच्या लग्नात तुम्ही ज्या गादीवर बसलात आणि उठायला नको म्हणालात, ती त्यांचीच.) नाल्यापलीकडे जायची सोय नव्हती. ज्योती सिस्टरने इथेच सगळं पार पाडलं. बाळाची मान नाळेत अडकली होती. वाटेत असती तर दोघंही हाती लागली नसती, असं सिस्टर नंतर म्हणाली. गफूरभाई ही गोष्ट सांगताना दरवेळी मधेच कापूस पिंजायला लागतात आणि पुढचं आम्हाला ऐकू येत नाही. ते आम्हाला ऐकू येऊ नये म्हणूनच पिंजतात, हे मला अलीकडे कळलं.

म्हणून आम्ही बैठक घेतली आणि अकरा जणांची कृती समिती नेमली. अकराही पुरुष. आमच्या सौ. झुंबरबाईने विचारलं, बाळंतपणाच्या खोलीसाठी लढणाऱ्यांत एकही बाई कशी नाही? मी म्हटलं, बायकांना बाळंतपणातून लढायला सवड कुठे मिळते? त्या दिवशी भाकरी थापल्याचा आवाज चौकापर्यंत येत होता. समितीचं नाव 'प्रसूती कक्ष बचाव कृती समिती' असं ठेवलं. पण झालं असं, की त्यातला पहिला शब्द चारचौघांत उच्चारायला निम्मे सभासद लाजायचे. मग तोंडी बोलताना 'तो कक्ष' असं म्हणायचं ठरलं. गावातून मोर्चा निघाला तेव्हा आम्ही सगळे एकसुरात 'तो कक्ष वाचलाच पाहिजे' असं ओरडत होतो आणि ओट्यांवरच्या बायका एकमेकींना कोणता म्हणून विचारत होत्या. आमच्यापैकी कोणीही शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मग फ्लेक्स लावायचं ठरलं. गावात फ्लेक्सचं दुकान एकच, हितेंद्रचं, आणि हितेंद्रकडे डिझाइनही एकच, वाढदिवसाचं. त्याने त्यातला केक काढला आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. मधोमध माझा गॉगलमधला फोटो (गॉगल माझा नाही, हितेंद्रने वरून बसवला), सभोवती दहा सभासद, कोपऱ्यात वाघ, वर सोनेरी अक्षरांत 'आपला माणूस', आणि अगदी खाली बारीक अक्षरांत आमची मागणी. फ्लेक्स चौकात लावला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर उसाच्या रसाची गाडी येऊन उभी राहिली. मागणी गाडीमागे गेली. राहिलो मी, दहा जण आणि वाघ. तिथून लोकांची रीघ लागली. कोणी हार आणला, कोणी नारळ. शिंदखेड्याहून आलेल्या एका गृहस्थाने मी कोणत्या निवडणुकीला उभा आहे ते न विचारताच पाठिंबा जाहीर केला. आमच्या लांबच्या आत्याबाईंना एसटीतून फक्त माझा फोटो आणि भोवतीची फुलं दिसली. त्या घरी येऊन मोठ्याने रडायला लागल्या आणि मी आतून चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा त्यांना चक्कर आली. त्यांना आम्ही ग्रामीण रुग्णालयातच नेलं, म्हणजे रुग्णसंख्येत फ्लेक्समुळे एकाची भर पडली असं म्हणता येईल.

फ्लेक्सने सरकार हललं नाही, तेव्हा सोनगीरच्या फाट्यावर रास्ता रोको करायचं ठरलं. सकाळी आम्ही अकराही जण हायवेवर आडवे बसलो. गफूरभाईंनी बसायला गाद्या आणल्या होत्या, त्यामुळे आंदोलन बघणाऱ्यालाही बसावंसं वाटत होतं. पहिलीच गाडी अडवली ती वऱ्हाडाची ट्रॅव्हल्स. मुलीचा मामा खाली उतरला, माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाला, तुम्ही पंडितआबा ना? आपण साखरपुड्यात भेटलो होतो! कोणाच्या साखरपुड्यात हे त्याला आठवेना, मलाही आठवेना, पण भेटलो होतो हे दोघांनाही पक्कं आठवत होतं. आता तुम्हीच सांगा नाना, आपल्या खान्देशात कोणी कोणाचं लग्न अडवलं आहे? गाडी सोडली. पण तो सोडेना. जेवायला चला म्हणून हात धरून बसला. आग्रह मोडणं म्हणजे अपमान, म्हणून मी तिथेच उभ्या उभ्या ठराव मांडला की आंदोलन जेवणापुरतं स्थगित करण्यात येत आहे. ठराव एकमताने पास झाला, इतक्या लवकर आजवर कोणताच झाला नव्हता. वरण-बट्टी होती, घोटलेली वांगी होती आणि तुपाचं तर विचारू नका. जेवण झाल्यावर आमच्यापैकी कोणाला उभं राहता येईना, मग रस्ता काय रोखणार? आणि तिकडे हायवेवर काय झालं माहीत आहे? आंदोलन स्थगित झाल्याचं ट्रकवाल्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. रिकाम्या गाद्यांसमोर गाड्यांची रांग तासन्‌तास शांतपणे उभी होती. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की पिंपरझडेकरांचं आंदोलन अत्यंत शिस्तीत पार पडलं. आम्ही नसताना आमचं आंदोलन जितकं यशस्वी झालं तितकं आम्ही असताना झालं नाही, असं सौ. म्हणते.

त्या बातमीमुळे जिल्ह्याच्या एक डॉक्टर मॅडम पाहणीला येणार असं कळलं. खरोखर मागणी आहे का, हे त्या कक्षात येऊन डोळ्यांनी बघणार होत्या. आणि कक्षात तेव्हा कोणीच नव्हतं! सुना रीतीप्रमाणे आपापल्या माहेरी गेलेल्या. गावात बाळंतपणाला आलेल्या लेकींना घरचे धुळ्याच्या मोठ्या खाजगी दवाखान्यात घेऊन गेलेले, कारण लेकीला सरकारी दवाखान्यात नेलं असं तिच्या सासरी कळलं तर काय म्हणतील! कक्ष वाचवायला सगळं गाव उभं होतं, फक्त वापरायला कोणी नव्हतं. समिती हतबल झाली. तेव्हा सौ.ने सूत्रं हातात घेतली. मी विरोध करणार होतो, पण तिने मला गाद्या उचलायला लावलं.

मॅडम आल्या तेव्हा कक्षातली एकही खाट रिकामी नव्हती. प्रत्येक खाटेवर एक बाळंतीण, डोक्याला घट्ट रुमाल, अंगावर गोधडी, खाटेखाली शेगडी, वर ओव्याची धुरी. (धुरी इतकी झाली की बाहेर कोणीतरी बंब बोलवायला निघालं होतं.) पहिल्या खाटेवर भागाबाई. भागाबाईचं वय तिला विचाराल तर ती मोठ्या दुष्काळापासून मोजते, आणि तो कोणता दुष्काळ हे गावात कोणालाच आठवत नाही. पुढच्या खाटांवर तिच्याच बरोबरीच्या, आणि खिडकीपाशी आमची सौ. सगळ्यांत तरुण अशी तीच. प्रत्येकीच्या कुशीत एक एक बाळ. बाळं गल्लीतून गोळा केलेली, जशी मिळाली तशी. एकाने मॅडमकडे बिस्कीट मागितलं. एकाच्या गळ्यात बालवाडीचं ओळखपत्र होतं. भागाबाईचं नवजात बाळ तर गोधडीतून उठलं, खाटेखालच्या स्वतःच्या चपला शोधून पायात घातल्या आणि घरी निघून गेलं. मॅडमनी भागाबाईला विचारलं, हे कितवं? भागाबाईने इमानदारीने मोजून सांगितलं, "नववं." ते खरंही होतं. फक्त ते नववं आता सुरतेला कापडाच्या मिलमध्ये कामाला आहे आणि त्याला जावई आला आहे.

मॅडम स्टुलावर बसल्या आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. धुरीने की हसून, हे समितीला ठरवता आलं नाही. मला वाटलं आता ओरडतील. पण त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, तुमच्या समितीतल्या किती जणांची नातवंडं या खोलीत जन्मली? अकरा जण छताच्या पंख्याकडे बघायला लागले. (मीही बघितलं. पंखा बंद होता.) नाही म्हणायला गफूरभाईंनी हात वर केला, आणि नातवंडं बरीच असल्यामुळे दुसराही वर केला. मॅडम म्हणाल्या, तुमचाच विश्वास नसेल तर मी वर काय लिहू? तेव्हा खिडकीजवळच्या खाटेवरून आमची बाळंतीण उठून बसली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आमनी सून शे ना! आठवा महिना सरी राह्यना. तिनं बाळंतपण आठेच व्हई!" आमच्या सुनेचं बाळंतपण इथेच होणार, असं तिने परस्पर जाहीर केलं. मी क्षणभर गांगरलो. पण सवय माणसाला सोडत नाही. मी लगेच उभा राहिलो आणि त्याचा ठराव केला. सूचक सौ. झुंबरबाई, अनुमोदक गफूरभाई. टाळ्यांच्या कडकडाटात पास. मॅडमनी शब्द दिला की अध्यक्षांच्या घरचं बाळंतपण इथे झालं तर गावाचा विश्वास आहे असं मी स्वतः वर लिहीन, आणि तोवर या खोलीला कुलूप लागू देणार नाही. ज्योती सिस्टर कोपऱ्यात उभी होती. तिने तेव्हा पहिल्यांदा पदराने तोंड पुसलं.

असं सगळं आहे. तुम्हाला तेवढीच करमणूक व्हावी म्हणून लिहिलं. बाकी आपलं पूर्वीसारखंच आहे. गुडघ्याला जपावं, रत्नाअक्कांना मीठ कमी घालायला सांगावं (त्या सांगितल्यावर जास्त घालतात, तरी सांगावं) आणि उभयतांनी आमच्यावर आहे तसाच लोभ ठेवावा, एवढं मागून थांबतो.

तुमचा,
पंडित
(माजी सचिव आणि विद्यमान अध्यक्ष)

ता. क. — पाकीट चिकटवताना लक्षात आलं की एक किरकोळ गोष्ट राहिली. सौ. पुनमला बाळंतपणाला इकडे पाठवता येईल का? पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं ही रीत मला ठाऊक आहे. भागाबाई तर म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरमाच व्हवाले पाहिजे, नहीते गावनं नाव जाई!" त्यामुळे रीत मोडावी असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. म्हणून समितीने तातडीची बैठक घेऊन असा ठराव केला आहे की, 'पिंपरझडे येथील प्रसूती कक्ष हा सौ. पुनम यांच्या बाळंतपणापुरता जामनेर समजण्यात यावा.' म्हणजे तुम्ही लेकीला सासरी पाठवत नाही, एका जामनेरहून दुसऱ्या जामनेरला नेत आहात. कक्षावर हितेंद्रने तशी पाटीही लावली आहे. (वाघासह.) गावानेही हे फार मनावर घेतलं आहे. परवा गफूरभाई गाद्या टाकायला गेले होते तर त्यांच्या घरी सांगितलं, भाई जामनेरला गेलेत. अडचण एवढीच झाली की पाटी रस्त्यावरून दिसते. काल एक झोपाळू प्रवासी पाटी बघून दोन पिशव्यांसकट एसटीतून उतरला आणि बाजार समिती कुठे आहे ते विचारत कक्षात शिरला. सिस्टरने त्याला ज्या पद्धतीने बाहेर काढलं, त्यावरून त्याला जामनेर फार बदललं आहे असं वाटलं असणार.

ता. क. (दुसरा) — ज्योती सिस्टरने एक शंका काढली. बाळ जामनेरमध्ये जन्मलं तर त्याची नोंद जळगाव जिल्ह्यात जाईल, मग आमच्या कक्षाला त्याचा काय उपयोग? यावर समितीत बरीच खडाजंगी झाली. शेवटी मी तोड काढली. कक्ष रीतीपुरता जामनेर आणि नोंदीपुरता पिंपरझडे. तरीही वाद मिटेना, तेव्हा खाटेच्या मधोमध खडूने रेघ मारली. उशाकडची बाजू जामनेर, पायथ्याकडची पिंपरझडे. उशाशी तुमचा अधिकार, आणि मूल जिकडे येणार ती बाजू आमच्या हद्दीत. मला वाटतं यात दोन्ही घरांचा मान राहतो. मुहूर्ताचं म्हणाल तर आमच्याकडेही गुरुजी आहेत, ते हवा तो मुहूर्त काढून देतील. तो बाळाला कळवायचा कसा, एवढाच प्रश्न आहे. वेळ पडलीच तर गफूरभाईंचा हसीब जीप घेऊन दारात उभा राहणार आहे, अंडी न फुटता धुळ्याला कसं जायचं ते त्याला ठाऊक आहे.

ता. क. (तिसरा) — हे पत्र लिहायला मला सौ. पुनमने सांगितलेलं नाही. (असं लिहा, असं तिनेच बजावलं आहे.) नाना, आता हसण्यावारी नेत नाही. पोर घाबरली आहे. जळगावचे डॉक्टरही म्हणतात सगळं सरळ आहे, आपोआप होईल, ऑपरेशनची गरज नाही. मग मुहूर्तासाठी पोट का फाडायचं, असं ती विचारते. तेही तुम्हाला नाही, तिच्या सासूला. तुम्ही दुपारी आडवे झालात की गच्चीवर जाऊन फोन करते आणि रडते. बापाने एवढ्या हौसेने सगळं ठरवलं आहे, त्याला नाही कसं म्हणू, म्हणून तुमच्यासमोर हसत राहते. पहिल्या महिन्यापासून ज्योती सिस्टरने तिला तपासलं, सिस्टरच्या हातावर पुनमचा विश्वास आहे. समिती, ठराव, पाटी हे सगळं खरं आहे, कक्षही वाचायलाच हवा, पण मला आधी एवढंच लिहायचं होतं आणि ते कसं लिहावं हे कळेना. व्याह्याच्या लेकीबद्दल व्याह्याला सांगायचं, की तिला तुमची भीती वाटत नाही हो, तुमचं मन मोडायची वाटते. सोसायटीत असलं काही लिहायची वेळ कधी आली नाही. म्हणून पत्र इतकं लांबलं.

ता. क. (शेवटचा) — सौ.ने पत्र हातातून काढून घेतलं आणि सगळं वाचलं. हसायला नको तिथे हसली, आणि तिसरा ता. क. पुन्हा पहिल्यापासून वाचला. आता ती शेजारी बसून रत्नाअक्कांसाठी सांगते आहे, ते तिच्याच शब्दांत उतरवतो. माझं यात काही नाही.

"इहीनबाई, यास्नं काही आयकू नका. पाटीबी नको नि रेघबी नको. पोरले आठे लई या, तुम्हीनबी या. तिना उशाजोडे तुम्हीनच बठा, मी बाहेर बठसू. बाळ पहिले तुमनाच हातमा द्या, असं सिस्टरले सांगी ठेयेल शे. मंग तुमले वाटनं, ते माले बलावा."